बैठक मोडायची नाही

“मूठ सोड गं वैजू. लगीन हाय तुझं, कुस्ती न्हाई,” हौसाकाकू म्हणाल्या आणि ओसरीवरच्या सगळ्या बाया खळखळून हसल्या.

मी मूठ सोडली. माझा उजवा पंजा त्यांच्या दोन्ही हातांत होता. त्यांनी अंगठ्याचा बुंधा दाबला, चारी बोटं एकमेकींना बिलगवली आणि पंजा कमळाच्या कळीसारखा निमुळता केला. मग हिरवीगार बांगडी बोटांवरून पुढं सारली.

टच्.

काचेचे दोन तुकडे सतरंजीवर पडले. हसू जागच्या जागी थांबलं.

चुड्याच्या दिवशी ‘फुटली’ हा शब्द आमच्याकडं कुणी तोंडातून काढत नाही. बांगडी वाढली म्हणायचं. पण पुण्याहून आलेल्या तारामावशीचा चेहराच तो शब्द बोलत होता.

“पहिलीच?” मावशी म्हणाली. “नवरीच्या चुड्यातली पहिलीच?”

“वाढंना का,” हौसाकाकू म्हणाल्या. “नव्या काचेला जुना हात मानवत न्हाई एकदम. दम धरा.”

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. कुकडीच्या काठचं निंबगाव, दारात मांडव, संध्याकाळी माझी हळद. चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही, आणि चुडा भरणार हौसाकाकूच, यात कुणाला शंका नव्हती. माझ्या बारशाला काळ्या मण्यांच्या मनगट्या त्यांनीच घातल्या होत्या. आसपासच्या गावांत अशी लेक नव्हती जिचा हात त्यांनी हातात घेतला नव्हता. माप त्या कधी विचारत नसत. पंजा दाबून बघायचा आणि म्हणायचं, सव्वादोन. नाहीतर, अडीच. आणि मग गात गात बांगडी अशी चढवायची की बाईला कळायच्या आत ती मनगटावर किणकिणायची.

पंजा ताठ असला की त्या ओवी धरत. लहानपणापासून मला ती पाठ होती.

*हात सोड गं साळू असा, जशी पाण्यातली वेल*
*काच तिथंच नांदते, जिथं मन असे सैल*

त्यांनी तीच ओवी धरली. माझा हात सैल झाला. त्यांनी दुसरी बांगडी घेतली, अंगठ्याचा बुंधा दाबला. निदान दाबला असं त्यांना वाटलं. मला मात्र त्यांची चार बोटं लागली, अंगठा लागलाच नाही. तो माझ्या हातावर नुसता ठेवलेला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

टच्.

मावशीनं तुकडे पदरात गोळा केले.

मी हौसाकाकूंकडं नीट पाहिलं. गोरापान भरला चेहरा लालबुंद झालेला. पदराखाली कपाळाला फडकं आवळून बांधलेलं. आल्यापासून त्यांचे विनोद नेहमीपेक्षा जास्तच जोरात चालले होते.

“काकू, अंगठ्याला काय झालंय?”

“त्याला काय होतंय? म्हातारा झालाय धन्यासारखा.” त्यांनी बाहेर मान उडवली. मांडवाच्या खांबाला टेकून दगडूकाका बांगड्यांच्या माळा सोडवत बसले होते. पूर्वी तेही बांगड्या भरत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं त्यांनी काम सोडलं आणि बायकोची गाठोडी वाहायला लागले.

“मुंग्या येतात?”

“येतात. गुळाच्या माणसाला मुंग्या यायच्याच.”

“कधीपासून?”

त्या तिसरी बांगडी निवडू लागल्या. मी हात मागं घेतला आणि मूठ घट्ट मिटली.

“वैजू, हात दे.”

“आधी तुमचा द्या.”

“अगं माझे आई! कासारणीचा हात कुणी धरत न्हाई. ती धरती.”

“मग राहू दे चुडा.”

ओसरीवर कुजबुज उठली. आई पुढं झाली. “वैजू, डॉक्टरकी पुण्यात ठेवून ये म्हटलं होतं ना तुला?”

पण बीपीचं यंत्र माझ्या बॅगेत होतं, आणि माझी मूठ मिटलेली होती. हौसाकाकूंनी एकवार माझ्याकडं, एकवार बायांकडं पाहिलं. “घ्या! तेहतीस कोटी नवऱ्या बघितल्या, अशी न्हाई बघितली,” म्हणाल्या आणि पदर खांद्यावर घेत दंड पुढं केला.

दंडावर चांदीची वाकी होती. मांसात रुतलेली, लग्नापासून न निघालेली. दुसऱ्या दंडावर तिची बहीण. पट्टा बांधायला जागाच नव्हती.

“बघ. देवालाच नको हाय,” काकू म्हणाल्या.

मी साबणाचं पाणी मागवलं. त्यांचा हात मांडीवर घेतला, वाकीच्या कडेनं फेस सोडला आणि त्यांच्याच सुरात म्हटलं, “सैल सोडा काकू. मनात माहेर आणा, हात आपोआप सैल होतो.” अगदी हेच त्या नवऱ्यांना सांगत.

“माझं माहेर म्हंजे वहिनीचं राज्य. मनात आणलं तर आणखी आखडंल.”

बाया हसल्या, त्याही हसल्या, आणि त्या हसण्याच्या ओघातच वाकी कोपरावरून घसरून माझ्या हातात आली. मी पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावली. पारा खाली उतरू लागला. ठोके फार लवकर ऐकू आले. एवढ्या वर ते ऐकू यायला नको होते. मी पुन्हा मोजलं. वरचा आकडा दोनशेच्याही पुढं होता.

“गोळी घेता का काकू?”

“घेतली की! गेल्या साली दवाखान्यातनं महिन्याची दिली होती. एक न चुकवता घेतली. मग डाक्टर मोजून म्हणाला, आता बराबर हाय.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर कशापायी? चुडा एकदा भरला की रोज कोण भरतंय? भरला की भरला.”

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. बोलणं पटण्यासारखंच होतं. मी मात्र मनात सगळं जुळवत होते. दोनशेचा दाब, लाल चेहरा आणि न लागणारा अंगठा. मेंदूकडं जाणाऱ्या वाटेवर काहीतरी अडत होतं. तालुक्याच्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता पोचायला हवं होतं.

“अण्णा, जीप काढा,” मी वडलांना हाक मारली.

हौसाकाकूंनी सतरंजीवर मांडी आणखी पक्की घातली. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

“मी उठायची न्हाई.”

“काकू...”

“चुडा धरलाय. चुडा धरला की बैठक मोडायची न्हाई. कासाराचा नेम हाय. तो पुरा होईस्तोवर कासारीण उठत न्हाई. काय वाट्टेल ते होऊ दे.”

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. दगडूकाका खांबापासून उठून ओसरीच्या कडेशी आले. काहीतरी बोलणार होते, पण बायकोचा तो आवाज ऐकून परत खांबाकडं वळले.

मी ओसरीकडं पाहिलं, मग मांडवातून मागं येणाऱ्या जीपकडं. जीपचा मागचा फळका आणि ओसरीची कड जवळपास एका उंचीवर होती.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “बैठक मोडायची नाही. बैठकीसकट चला.”

“म्हंजे?”

“बायांनो, सतरंजीचे कोपरे धरा.”

त्या दिवशीचं ते दृश्य निंबगाव अजून विसरलेलं नाही. सहा-सात बायांनी सतरंजी धरली, मधोमध हौसाकाकू, मांडीवर बांगड्यांच्या माळा, आणि “अगं पडंन की! अगं मी काय गणपती हाय का?” असा आरडाओरडा. कुणीतरी खरंच मोरया म्हटलं. सतरंजी ओसरीवरून सरकत जीपमध्ये शिरली. बैठक मोडली नाही.

मी मागून चढले तशी तारामावशी आडवी आली. “खुळी की काय तू? अर्धा चुडा भरलेली नवरी गावची शीव ओलांडत नाही!”

“अर्धा कुठं आहे मावशी?” मी मोकळे हात पुढं केले. “एक तरी चढली का?”

मावशीनं पदर खोचला आणि तीही जीपमध्ये चढली. “मग मी एकटी इथं बसून काय करू?” म्हणाली.

रस्ता खडबडीत होता. अण्णा जपून चालवत होते. मी हौसाकाकूंना माझ्या खांद्याला टेकवलं. दगडूकाका समोर बसले होते, त्यांची नजर धुक्यातल्यासारखी बायकोच्या आवाजाच्या दिशेनं लागलेली. थोड्या वेळानं काकूंनीच तोंड उघडलं.

“पुण्यात तू नेमकं काय करतीस गं? तुझी आय सांगती, बीपीवाल्यांच्या नसा मोजती. नसा काय मोजायच्या?”

“मोजत नाही, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघते. हाताला पट्टा आवळायचा, पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. पाट फुटल्यासारखं रक्त येतं. निरोगी रक्तवाहिनीला ते आतून कळतं आणि ती सैल होते. रुंदावते, वाट देते.”

“आणि बीपीवाल्याची?”

“ती आखडलेली राहते. वर्षानुवर्षं दाब सोसून तिच्या आतलं अस्तर सैल व्हायचं विसरतं. बाहेरून माणूस ठणठणीत. हसतो, खातो, गातो. पण हृदय दर ठोक्याला त्या ताठ वाहिनीतून जोर लावून रक्त ढकलत असतं.”

“ताठ पंज्यातनं बांगडी सारावी तसं.”

“तसंच.”

“आन् मग एक दिवस...” त्या बोलता बोलता थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “टच्.”

हौसाकाकू गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांनी डाव्या हातानं उजवा अंगठा घट्ट धरून ठेवला होता.

दवाखान्यात निलोफर नावाची तरुण डॉक्टर कामावर होती. तिनं सतरंजीवर बसलेली पेशंट आणि लग्नघरातून आलेली माणसं पाहिली, पण हसली नाही. आधी काम केलं. हात दाबून घेतले, जीभ बाहेर काढायला लावली, हृदयाचा आलेख काढला, औषध सुरू केलं. “दाब एकदम पाडायचा नाही, सावकाश उतरवायचा,” ती मला म्हणाली. “वेळेवर आणलंत. हा मोठ्या झटक्याआधीचा निरोप आहे. दोन दिवस इथंच.”

सतरंजी खाटेवर अंथरली होती. काकू तिच्यावरच आडव्या झाल्या होत्या. डोळे मिटून म्हणाल्या, “चुडा राहिला.”

“राहू दे हो!” तारामावशी म्हणाली. मावशीच्या तोंडून हे ऐकून आई असती तर चक्कर येऊन पडली असती.

“न्हाई. लेकीची हळद हाय सांजच्याला.” मग डोळे उघडून त्यांनी हाक मारली, “अहो. ऐकलं का?”

दगडूकाका दचकले. “मी? हौसे, मला माळेतला रंग दिसत न्हाई.”

“हिरव्याच हायत सगळ्या. बसा.”

आणि दगडूकाका बसले. स्टुलावर, माझ्यासमोर. कितीतरी वर्षांनी त्यांनी एका नवरीचा हात हातात घेतला. डोळे त्यांनी मिटूनच घेतले, तसेही त्यांचा उपयोग नव्हता. पंजा दाबला आणि पुटपुटले, “सव्वादोन.”

“बराबर,” खाटेवरून आवाज आला. आणि मग ओवी आली, बारीक आवाजात, पण नवी, तिथंच जुळवलेली.

*कासार माझा गं भोळा, त्याला दिसंना दोरा-सुई*
*हात धरता लेकीचा, त्याला सारं दिसून येई*

पहिली बांगडी चढली. वॉर्डातल्या बायांनी सुस्कारा सोडला. त्या केव्हा जमल्या होत्या ते मला कळलंच नव्हतं. दुसरी चढली, तिसरी चढली. एकही वाढली नाही. एक आजारी म्हातारी सलाइनचा हात सांभाळत म्हणाली, “माझ्याबी दुसऱ्या हातात दोन घाला की.”

“थांबा मावशी,” दगडूकाका म्हणाले. त्यांच्या आवाजाला आता धार आली होती. “चुडा धरलाय. पुरा झाला की उठतो मग तुमच्याकडं.”

“पुरा होईस्तोवर उठायचं नाही, असा नेमच आहे ना कासारांचा?” मी म्हटलं.

दगडूकाकांचे हात थांबले.

“नेम?” ते हळू आवाजात म्हणाले. “कासारांत असला काय नेम न्हाई पोरी. मी कितींदा पाणी प्यायला उठायचो. हा नेम हिचा हाय. एकटीचा.”

मी खाटेकडं पाहिलं. हौसाकाकू छताकडं बघत होत्या.

“माझी आय,” त्या म्हणाल्या. “लई नावाची कासारीण. एका पाटलाच्या लेकीचा चुडा भरीत होती. मी माळा सोडवत होते शेजारी. मध्येच म्हणली, हाताला मुंग्या आल्यात गं हौसे, जरा वाऱ्याला बसते. अर्धा चुडा टाकून उठली. दारापर्यंत गेली आन् पडली. उजवं अंग गेलं. पुढं जगली, पर तो हात परत कधी उठला न्हाई. लोक म्हणले, अर्धा चुडा टाकून उठली म्हणून झालं.” त्या थांबल्या. “काल राती माझा अंगठा गेला. मला वाटलं, उद्या बसले की उठायचंच न्हाई. न उठलं तर काय होईल?”

मी चुडा सावरत खाटेशी गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

“आजी उठल्या म्हणून नाही झालं ते, काकू. त्याच्या आधी कितीतरी वर्षं आत वाहिन्या आखडत होत्या. मुंग्या आल्या तो निरोप होता. तेव्हा उठवून न्यायला कुणी नव्हतं, एवढंच.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग नाक ओढून म्हणाल्या, “म्हंजे मी सतरंजीवरनं आले ते उगंच?”

“उगंच.”

“आन् त्या बायांनी मला गणपतीगत उचलली!”

पहिल्यांदा दगडूकाका हसले, मग सगळा वॉर्ड हसला. निलोफर धावत आली, “दाब वाढेल, हसवू नका,” म्हणत स्वतःच हसायला लागली.

चुडा भरून झाला. रीतीप्रमाणे मोजून झाल्यावर कासार वर एक बांगडी बिनमोलाची घालतो. आशीर्वादाची बांगडी म्हणतात तिला. दगडूकाकांनी ती उचलली.

“ती ठेवा,” काकू म्हणाल्या. “ती मी घालणार. माझ्या हातानं.”

“हात...” दगडूकाका म्हणाले आणि थांबले.

“ठेवा म्हणते ना.”

निलोफरनं गोळ्या दिल्या, जेवणातलं मीठ कमी करायला सांगितलं, तंबाखूची मिश्री बंद केली. “आणि गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी रोज. कायम.”

“कायम?” काकूंनी गोळी तळहातावर घेऊन निरखली. “म्हंजे हा चुडा न्हाई तर. ही आशीर्वादाची. मोजून झालं तरी वरनं रोज एक.” आणि पाण्याबरोबर गिळली.

हळद वेळेवर लागली. दोन दिवसांनी, लग्नाच्या सकाळी मी बोहल्याकडं निघाले होते, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गलका झाला. हौसाकाकू दवाखान्यातून सुटून आल्या होत्या, स्वतःच्या पायांनी, एका हातात ती एक हिरवी बांगडी धरून. गुरुजी घड्याळ दाखवू लागले. तारामावशीनं त्यांच्यापुढं जाऊन दोन्ही हात पसरले. “थांबा हो. मुहूर्त कुठं पळत नाही.”

काकूंनी माझा पंजा हातात घेतला. चार बोटं लागली. मग, जरा उशिरानं, जरा हलका, पण लागला. अंगठा.

“मूठ सोड गं,” त्या कानाशी म्हणाल्या.

बांगडी चढली. नुसती किणकिण झाली, दुसरा आवाज नाही. चुडा भरणाऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. मी वाकले. उठते तो त्यांनी आपला उघडा दंड माझ्यापुढं धरलेला, वाकीशिवायचा.

“आता तुझी पाळी. बांध पट्टा.”

आणि मी मुंडावळ्या बांधून, अंतरपाटाआड नवरदेव ताटकळत असताना, हौसाकाकूंचं बीपी मोजलं.

वर्षभरानं त्या दगडूकाकांना घेऊन पुण्यात माझ्याकडं तपासणीला आल्या. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, ते सगळ्या भिंतींवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. काकूंची पहिली तपासणी मी लग्नानंतर महिन्याभरात केली होती. तेव्हा पट्टा सोडल्यावर पडद्यावरची ती वाहिनी जवळजवळ हललीच नव्हती. आता पुन्हा पट्टा आवळला. पाच मिनिटं गप्प राहायचं, म्हटलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड पाच मिनिटं असावीत ती. मी पट्टा सोडला. रक्ताचा लोंढा आला. आम्ही दोघी पडद्याकडं बघत राहिलो. आणि ती बारीकशी काळी वाट हळूहळू, अगदी सावकाश, रुंद होत गेली.

“सांग की!” काकू म्हणाल्या. “झाली का सैल?”

मिलिमीटरचा आकडा माझ्या ओठांवर होता. तो मी गिळला.

“सव्वादोनची अडीच झाली, काकू.”

त्या उठून बसल्या. पदराची गाठ सोडली, आतली पुडी काढली. “बोलण्याच्या नादात सकाळची राहिली होती बाय,” म्हणाल्या आणि दगडूकाकांना हाक मारली, “अहो, पाट्या पुरे झाल्या. पाणी आणा. आशीर्वादाची घालायचीय.”